व्हाइट-नेक्ड जॅकोबिन हमिंगबर्ड: रूप, उपप्रजाती आणि अधिवास – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण मेक्सिकोपासून बोलिव्हियापर्यंतच्या सखल, दमट जंगलांत राहणारा हा हमिंगबर्ड ओळखायला अगदी सोपा, असे म्हणतात. निळ्या डोक्याच्या नराचे चित्र पाहिले की तसे वाटतेही. पण मादी, अर्धवट वयाची पिल्ले आणि नराचा वेष घेतलेल्या माद्या समोर आल्या की हा सोपेपणा टिकत नाही. म्हणून खालच्या प्रश्नांत रूपाविषयीचेच प्रश्न जास्त आहेत.

हा नेमका कोणता पक्षी? 'जॅकोबिन' हे काय नाव?

शास्त्रीय नाव फ्लोरिसुगा मेलिवोरा. कार्ल लिनियसने १७५८ मध्ये त्याची नोंद केली, ती ट्रोचिलस या वंशात. फ्लोरिसुगा हा वंश १८५० मध्ये शार्ल ल्युसियाँ बोनापार्टने निराळा केला. हा बोनापार्ट नेपोलियनचा पुतण्या, आणि त्या काळातला नाणावलेला पक्षीतज्ज्ञ.

फ्लोरिसुगा म्हणजे फूल चोखणारा. आपल्या 'फुलचुखी'चा अर्थ तोच, फक्त आपली फुलचुखी हा अगदीच वेगळा पक्षी आहे. मेलिवोरा म्हणजे मध खाणारा. फ्रान्समध्ये डॉमिनिकन पंथाच्या संन्याशांना 'जॅकोबिन' म्हणत. त्यांच्या अंगरख्याला डोक्यावरून घ्यायचे टोपडे असे. नराचे डोके आणि छाती निळ्या टोपड्यात गुंडाळल्यासारखी दिसते, त्यावरून पक्ष्याला ते नाव पडले. फ्रेंच राज्यक्रांतीतले जॅकोबिनही त्याच पंथाच्या मठात जमत म्हणून जॅकोबिन झाले, पक्ष्याचा राजकारणाशी एवढाच संबंध.

आमच्या बागेत हमिंगबर्ड येतो. तो हाच का?

महाराष्ट्रात राहत असाल तर नाही. आज हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आणि कॅरिबियन बेटांवर आहेत. जर्मनीत सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डसदृश जीवाश्म मिळाले आहेत, म्हणजे एके काळी जुन्या जगातही हे कुळ होते. भारतात मात्र आज एकही जात नाही.

जास्वंदीवर किंवा कण्हेरीवर येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. शिंजीर फुलाजवळ क्षणभर तरंगतो, पण खायला शक्यतो फांदीवर किंवा देठावर बसतो. चोच लांब आणि खाली वाकलेली असते. हमिंगबर्ड मात्र हवेत तरंगतच पितो आणि मागे सरकत फुलातून चोच काढतो. दोघांचे नाते फार लांबचे आहे. शिंजीर चिमणीच्या गणातला. हमिंगबर्डची जवळची नातलग आपल्याकडे शोधायची तर ती पाकोळी, पुलाखाली आणि जुन्या इमारतींच्या छज्जाखाली लाळेने चिकटवलेल्या पिसा-गवताची घरटी करून राहणारी.

संध्याकाळी फुलांवर गुणगुणत तरंगणारा बोटाएवढा 'पक्षी' दिसला तर त्याच्या डोक्याकडे बघा. मिशा दिसल्या तर तो हॉकमॉथ जातीचा पतंग आहे. 'पुण्यात हमिंगबर्ड सापडला' म्हणून फिरणाऱ्या व्हिडिओंत बहुधा हाच असतो.

आकार केवढा?

लांबी ११ ते १२ सेंमी. वजन साधारण ६ ते ९ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याच्या आसपास. आपल्या जांभळ्या शिंजीरापेक्षा किंचित लांब. हमिंगबर्डांच्या हिशोबात हा मध्यम ते मोठा. चोच काळी, जवळजवळ सरळ, डोक्याच्या मानाने आखूडच. चोच लांब नाही म्हणून तो एकाच प्रकारच्या खोल नळीच्या फुलाला बांधलेला नाही. तो एवढ्या वेगवेगळ्या झाडांवर का दिसतो, याचे अर्धे उत्तर इथेच आहे.

प्रौढ नर कसा ओळखायचा?

डोके, गळा आणि छाती गडद, चमकदार निळी. पाठ झळाळती हिरवी. पोट स्वच्छ पांढरे, आणि निळ्या छातीची रेघ जिथे संपते तिथे पांढरा रंग एकदम सुरू होतो, मध्ये मिसळण नाही. मानेमागे निळे आणि हिरवे जिथे भेटते तिथे पांढरी चंद्रकोर. 'व्हाइट-नेक्ड', म्हणजे पांढऱ्या मानेचा, हे नाव तिच्यावरूनच.

शेपटी पांढरी, टोकाला आणि कडेला काळी बारीक किनार. बसलेल्या नराला वरून पाहिले तर शेपटी मधोमध हिरवी वाटते आणि लोक गोंधळतात. ती शेपटीची पिसे नव्हेत, शेपटीच्या मुळावरची झाकणपिसे आहेत. या जातीत ती इतकी लांब असतात की जवळजवळ शेपटीच्या टोकापर्यंत पोचतात. नराने शेपटी पंख्यासारखी उघडली की पांढरा रंग लख्ख दिसतो. पाठलागात आणि मादीपुढे मिरवताना तो हेच करतो.

मानेवरची चंद्रकोर नेहमी दिसेल असे मात्र धरू नका. पक्ष्याने मान आखडून घेतली की ती पिसांत दडते. त्यामुळे निळे डोके, पांढरे पोट आणि पांढरी शेपटी हे तिन्ही एकत्र पाहावे. त्या तिन्हींचा मेळ त्याच्या प्रदेशात दुसऱ्या कुठल्या हमिंगबर्डमध्ये नाही.

मला डोके काळे दिसले. जात वेगळी का?

नाही, उजेड वेगळा. हा निळा रंग रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या सूक्ष्म तंतूंमध्ये मेलॅनिनच्या चपट्या, आतून हवेने भरलेल्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. त्यांवरून परत फिरणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून ठरावीक कोनात निळा रंग उठतो. पक्ष्याने मान थोडी वळवली किंवा ऊन त्याच्या मागे गेले की तेच पीस काजळी दिसते. पैठणीच्या धूपछाँव पदराचा अनुभव असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको, जरी तिथली करामत दोन रंगांच्या धाग्यांची असते.

पांढरा रंग कोन बदलला तरी बदलत नाही. म्हणून झाडाच्या शेंड्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर पक्षी नुसता काळा-पांढरा दिसला तर निळा रंग शोधत बसू नका. पोट आणि शेपटी पाहून ओळख पक्की करा.

मादी कशी असते?

पुस्तकी मादी अशी: पाठ हिरवी, पोट पांढरे, गळ्यावर आणि छातीवर हिरवट-निळ्या किंवा करड्या पिसांना पांढरी कड, त्यामुळे माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. शेपटी हिरवी, टोकाकडे काळसर-निळी, बाहेरच्या पिसांना पांढरी टोके. शेपटीखालची पिसे गडद, त्यांनाही पांढरी कड. ही शेवटची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. गळ्याची खवलेदार नक्षी फिकी असली तरी शेपटीखालची बहुधा दिसते, आणि फीडरवर (पक्ष्यांसाठी टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यावर) बसलेला पक्षी खालून पाहायला मिळतोच.

'पुस्तकी' म्हणण्याचे कारण पुढच्या प्रश्नात.

मादीही नरासारखी दिसते, हे खरे?

खरे, आणि ते अपवादानेही नाही. पनामातल्या गाम्बोआ परिसरात 'जे फॉक' या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी पक्षी पकडून, खुणेचे टॅग लावून, लिंग तपासून पाहिले. प्रौढ माद्यांपैकी जवळजवळ पाचव्या हिश्शाच्या माद्यांना नराचाच पिसारा होता: निळे डोके, पांढरी चंद्रकोर, पांढरी शेपटी. हे संशोधन २०२१ मध्ये 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात आले. त्याचा दुसरा भाग आणखी चकित करणारा आहे. या जातीची लहान पिल्ले, नर असोत वा मादी, सगळीच आधी नरासारखी दिसतात. बहुतेक पक्ष्यांत उलट असते, पिल्ले आईसारखी फिकी असतात. वयात येताना जॅकोबिनच्या बहुसंख्य माद्या हिरव्या-खवलेदार होतात आणि उरलेल्या नरवेषातच राहतात.

याने मिळते काय? आधी सुचणारा अंदाज असा की, नरांना अशा माद्या आवडत असाव्यात. तो तपासायला फीडरवर मेलेल्या पक्ष्यांचे भुसा भरलेले नमुने ठेवले: एक नर, एक साधी मादी, एक नरवेषातली मादी. नरांनी जोडीदार म्हणून रस दाखवला तो साध्या मादीत, आणि इतर हमिंगबर्डांचा त्रासही तिलाच जास्त झाला. म्हणजे नरवेष नवरा मिळवायला उपयोगी नाही, त्रास टाळायला आहे. टॅग लावलेल्या पक्ष्यांच्या नोंदींतून दिसले की नरवेषातल्या माद्या साखरपाण्याच्या फीडरवर जास्त वेळा आल्या आणि तिथे जास्त वेळ टिकल्या. ज्याचे पोट दर पंधरा-वीस मिनिटांनी मधावर चालते त्याला हा फायदा लहान नाही.

व्यवहारात याचा अर्थ असा की फीडरवर पाच निळी डोकी मोजली म्हणून 'पाच नर' लिहू नका. नोंदवहीत 'नरपिसारा' असे लिहावे. घरट्यावर बसलेला निळ्या डोक्याचा पक्षी दिसला तर मात्र ती मादीच. या जातीत नर घरट्याचे कुठलेच काम करत नाही.

मग मधल्या वयाचा पक्षी कसा कळतो?

चोचीच्या मुळापासून गालाखाली जाणारा तांबूस किंवा बदामी पट्टा ही सगळ्यात उपयोगी खूण. डोके निळसर पण ठिगळे पडल्यासारखे, शेपटीत प्रौढ नरापेक्षा काळा रंग जास्त. असा पक्षी नर की मादी, हे पिसांवरून ठरवण्याचा प्रयत्न सोडून द्यावा. संशोधकही त्यासाठी प्रयोगशाळेत डीएनए तपासतात.

कोणत्या पक्ष्यांशी गल्लत होते?

नराची फारशी होत नाही. टोबॅगो या कॅरिबियन बेटावर एक सावधगिरी हवी. तिथल्या जंगलात पांढऱ्या शेपटीचा सेबरविंग हा हमिंगबर्ड आहे, त्याच्याही शेपटीची बाहेरची पिसे पांढरी. पाठमोरा उडून गेला तर घोटाळा हमखास. पण सेबरविंगचे पोट हिरवे, जॅकोबिनचे पांढरे.

मादीची गल्लत जास्त. त्रिनिदादमध्ये काळ्या गळ्याच्या मँगो हमिंगबर्डची मादी पांढऱ्या पोटाची असते, पण तिच्या गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक सलग काळा पट्टा उतरतो. खवले नाहीत. पनामातला स्नोई-बेलीड हमिंगबर्ड पांढऱ्या पोटाचा, पण त्याचा गळा एकसंध हिरवा. त्यामुळे मादी ओळखताना रंग कोणता यापेक्षा नक्षी कशी हे विचारावे: खवले, पट्टा की कोरी?

उपप्रजाती किती?

दोन.

फ्लोरिसुगा मेलिवोरा मेलिवोरा ही मूळ उपप्रजाती. मेक्सिकोच्या दक्षिण भागापासून मध्य अमेरिकेतून कोलंबिया, व्हेनेझुएला, गयाना, सुरिनाम, फ्रेंच गयाना, इक्वेडोर, पेरू, बोलिव्हिया आणि ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यापर्यंत. त्रिनिदाद बेटावरचे पक्षीही हिच्यातच मोडतात.

फ्लोरिसुगा मेलिवोरा फ्लॅबेलिफेरा ही टोबॅगोची. जॉन गुल्डने १८४६ मध्ये तिचे वर्णन केले. फ्लॅबेलिफेरा म्हणजे पंखा धारण करणारी, शेपटीच्या पंख्यावरून. रंगात मूळ उपप्रजातीसारखीच, आकाराने मोठी.

देश एक असला तरी त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटे पक्ष्यांच्या दृष्टीने वेगळी आहेत. त्रिनिदाद व्हेनेझुएलाच्या अगदी लगत, तिथली जीवसृष्टी मुख्य भूमीसारखी. टोबॅगो त्यापासून सुमारे ३० किमी समुद्रापलीकडे, जेमतेम ३०० चौरस किमीचे. एवढ्या छोट्या बेटावर अडकलेल्या पक्ष्यांत फरक साठत जातात, त्याचे हे साधे उदाहरण.

प्रत्यक्ष पाहताना उपप्रजाती ओळखता येते का?

पिसाऱ्यावरून नाही. आकारातला फरक हातात धरून, पंखाची लांबी मोजल्यावर कळतो. दहा मीटरवरून दुर्बिणीत दोन्ही सारखेच. म्हणून उपप्रजाती ठिकाणावरून लिहायची: टोबॅगोत पाहिला तर फ्लॅबेलिफेरा, इतर कुठेही पाहिला तर मेलिवोरा. फोटोखाली ठिकाण लिहिलेले नसेल तर उपप्रजाती लिहू नये. 'त्रिनिदाद-टोबॅगो' एवढेच लिहिणे सगळ्यात वाईट, कारण नेमका तिथेच फरक पडतो.

ब्लॅक जॅकोबिन ही याचीच उपप्रजाती आहे ना?

नाही, ती स्वतंत्र जात आहे: फ्लोरिसुगा फुस्का. ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अटलांटिक जंगलात आणि त्याच्या दक्षिणेकडच्या भागात ती राहते. अंग काळे, शेपटी पांढरी, आणि नर-मादी दोघेही सारखेच. फ्लोरिसुगा वंशात या दोनच जाती. ब्लॅक जॅकोबिनचा आवाज इतक्या वरच्या पट्टीत असतो (१० किलोहर्ट्झच्याही वर) की बहुतेक पक्ष्यांच्या ऐकण्याच्या मर्यादेपलीकडे जातो.

हे दोन जॅकोबिन आणि दोन टोपाझ हमिंगबर्ड मिळून हमिंगबर्डांच्या वंशवृक्षावरची अगदी सुरुवातीला फुटलेली फांदी होते. बाकी साडेतीनशेच्या आसपास जाती दुसऱ्या बाजूला.

अधिवास कसा लागतो?

दमट सदाहरित जंगलाचा वरचा मजला. उंच झाडांच्या शेंड्यांवर, बाहेरच्या उघड्या, पाने नसलेल्या काटकीवर बसायला याला आवडते. तिथून तो कीटकांवर झेपा घेतो आणि इतरांवर नजर ठेवतो. जंगलात जमिनीवर उभे राहून शोधणाऱ्याला म्हणूनच तो दिसत नाही, मान मात्र दुखते. जंगलाची कड, पडलेल्या झाडाने तयार झालेली मोकळी जागा, रस्त्याची कडा, नदीकाठ, अशा ठिकाणी झाडांचा शेंडा जमिनीकडे उतरतो आणि पक्षीही खाली येतो.

घनदाट जंगलच हवे असा त्याचा हट्ट नाही. वाढलेले दुय्यम जंगल, सावलीतले कॉफीचे आणि कोकोचे मळे, मोठ्या झाडांच्या बागा त्याला चालतात. त्रिनिदादमधल्या जुन्या कोको मळ्यांवर सावलीसाठी लावलेला 'इमोर्टेल' वृक्ष आपल्या पांगाऱ्याच्याच वंशातला, एरिथ्रिना. कोरड्या दिवसांत पाने झडून तो केशरी फुलांनी पेटतो, तेव्हा त्याच्या शेंड्यावर हमिंगबर्डांची झुंबड असते. वसंतात फुललेल्या पांगाऱ्यावरचा कलकलाट ज्यांनी ऐकला आहे त्यांना हे दृश्य सहज डोळ्यांसमोर येईल. मोठी झाडे सगळी तोडून उघड्यावर केलेले मळे मात्र त्याच्या उपयोगाचे नाहीत.

किती उंचीपर्यंत आढळतो?

समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटरपर्यंत नेहमीचा, त्याच्या वर काही भागांत दीड हजार मीटरच्या आसपास तुरळक. सह्याद्रीच्या मापाने सांगायचे तर माथेरानच्या उंचीपर्यंत त्याचे घर, महाबळेश्वरच्या उंचीवर तो पाहुणा. अँडीजमध्ये लॉज निवडताना हे लक्षात ठेवा. अडीच हजार मीटरवरच्या ढगातल्या जंगलात हमिंगबर्ड भरपूर मिळतील, जॅकोबिन नाही.

वर्षभर एकाच जागी राहतो का?

प्रदेश सोडत नाही, पण फुलांमागे सरकतो. एखाद्या ठिकाणी दोन महिने रोज दहा-बारा पक्षी दिसतात आणि मग एकही नाही, असे घडते. 'गेल्या वर्षी मार्चमध्ये होता' यावर तिकीट काढू नका. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या ठिकाणाचा महिनावार आलेख पाहा.

खातो काय?

मधुरस आणि कीटक. मधुरसासाठी इंगा, एरिथ्रिना यांसारखी मोठी झाडे, झाडांवर वाढणाऱ्या वनस्पती, हेलिकोनिया आणि बागेतली झुडपे. एका फुललेल्या झाडावर अनेक जॅकोबिन असतात आणि एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तरी काही हमिंगबर्डांसारखा एकच ताटवा दिवसभर राखत बसत नाही.

नुसत्या साखरेवर पक्षी जगत नाही. प्रथिनांसाठी बारीक कीटक लागतात. जॅकोबिन ते हवेतच पकडतो, कधी नदीवर किंवा झाडाच्या शेंड्यावर तरंगत, शेपटी उघडमीट करत, कधी काटकीवरून झेप घेऊन.

घरटे कुठे असते?

शेंड्यावर राहणारा पक्षी घरटे मात्र खाली बांधतो, बहुतेक वेळा जमिनीपासून १ ते ३ मीटरवर. रुंद पानाच्या वरच्या बाजूला, जिथे दुसरे पान छपरासारखे वर येते अशी जागा मादी निवडते. उथळ वाटीसारखे घरटे वनस्पतींच्या मऊ लवेचे, कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी बांधलेले. जाळे ताणले जाते, म्हणून पान हलले तरी वाटी सुटत नाही. अंडी दोन, पांढरी.

पनामातल्या सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानात अशाच एका घरट्यातल्या पिल्लाच्या पाठीवर लांब, तपकिरी, विस्कटलेली लव दिसली. धोका जवळ आला की ते पिल्लू डोके झटके देऊन हलवी. लव आणि हालचाल दोन्ही तिथल्या अंगाला खाज आणणाऱ्या केसाळ सुरवंटांसारखी. एक गांधीलमाशी जवळ आली तेव्हा पिल्लाने असेच केले आणि ती निघून गेली. हे निरीक्षण २०२५ मध्ये 'इकॉलॉजी' या नियतकालिकात आले. एका घरट्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, 'सुरवंटाची नक्कल असावी' एवढेच म्हणता येते. पण घरटे सापडल्यावर दूर थांबून पाहण्याला हे आणखी एक कारण. फोटोसाठी वरचे पान बाजूला केले तर ऊन, पाऊस आणि शिकारी तिन्ही वाटा मोकळ्या होतात.

फीडरमध्ये काय भरायचे?

हा प्रश्न त्याच्या प्रदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. साखर विरघळेपर्यंत ढवळा, गरम पाणी घेतले असेल तर पूर्ण गार करून भरा. लाल रंग नको, फीडरचा लाल भाग पुरतो. मध नको, त्यात बुरशी आणि जंतू लवकर वाढतात. गूळ आणि तपकिरी साखर नको, त्यातले लोह आणि इतर द्रव्ये हमिंगबर्डला सोसत नाहीत. गुळाबद्दल आपल्याकडे कितीही जिव्हाळा असला तरी इथे तो आवरावा.

चुका होतात त्या कृतीत नव्हे, स्वच्छतेत. तीस अंशांच्या दमट हवेत द्रावण दीड-दोन दिवसांत आंबते. पाणी गढूळ झाले, तंतू दिसले किंवा आंबूस वास आला तर उशीर झालेला आहे. रोज, फार तर एक दिवसाआड बदला, भरपूर भरून ठेवण्यापेक्षा अर्धेच भरा. धुताना गरम पाणी आणि बाटलीचा ब्रश, पिण्याच्या भोकांसाठी बारीक ब्रश. काळे ठिपके राहिले तर तीच बुरशी पुढच्या द्रावणात उतरते. मुंग्यांसाठी टांगण्याच्या तारेवर पाण्याची छोटी वाटी ठेवा. तारेला तेल किंवा ग्रीस लावू नका, ते पिसांना चिकटते.

जॅकोबिन फीडरवर दांडगाई करतात. एक मोठा फीडर ठेवण्यापेक्षा तीन लहान, एकमेकांना न दिसणाऱ्या कोपऱ्यांत टांगा. लहान हमिंगबर्डांनाही वाटा मिळतो. फीडर खिडकीपासून एक मीटरच्या आत किंवा चांगलाच दूर ठेवा. मधल्या अंतरावर पक्षी वेग घेऊन काचेवर आदळतो.

पुण्या-मुंबईत फीडर लावून काय येईल? मधमाश्या आणि मुंग्या. शिंजीर हवे असतील तर जास्वंद, रुई, पांगारा यांसारखी फुले लावावीत.

फोटो काढताना पोट पांढरेफटक आणि डोके काळे येते. काय करायचे?

दोन वेगळ्या चुका एकत्र झाल्या आहेत. पांढरे पोट वाचवायला एक्स्पोजर ०.३ ते ०.७ स्टॉप कमी करा आणि हिस्टोग्रामची उजवी कड तपासा. निळे डोके उजळायला जागा बदला: सूर्य तुमच्या पाठीमागे आणि पक्ष्याचा चेहरा तुमच्याकडे. ढगाळ दिवशी निळा रंग मंद पण सलग येतो, त्यामुळे ढगाळ सकाळ वाया गेली असे समजू नका. उडता पंख गोठवायला शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद हवा. तेवढा उजेड नसेल तर बसलेला पक्षी घ्या, फीडरजवळच्या मोकळ्या काटकीवर तो पुन्हा पुन्हा येतो.

पाहायला कुठे जावे?

पनामात गाम्बोआ आणि तिथून सुरू होणारा पाइपलाइन रोड. पनामा शहरापासून तासाभराच्या आत, फीडर आणि शेंड्याच्या उंचीवरून पाहायला मनोरे दोन्ही आहेत. कोस्टा रिकात कॅरिबियन बाजूचा सारापिकी परिसर. इक्वेडोरमध्ये अँडीजच्या पश्चिम उतारावर, हजार मीटरच्या आसपासचे मिल्पे.

त्रिनिदादमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या उत्तरेची डोंगररांग. वाडेकरांच्या संघाने १९७१ मध्ये ज्या गावात कसोटी जिंकली आणि गावसकरांनी पदार्पण केले, तेच हे पोर्ट ऑफ स्पेन. देशाच्या राजचिन्हावरही हमिंगबर्ड आहे. टोबॅगोची उपप्रजाती हवी तर मेन रिज जंगल गाठा. पाऊस टिकावा म्हणून ते १७७६ मध्ये कायद्याने राखीव केले गेले. १९६३ च्या फ्लोरा वादळाने हे जंगल भुईसपाट केले होते. वर उल्लेखलेला सेबरविंग त्यानंतर टोबॅगोतून संपला असेच धरले गेले, तो १९७४ मध्ये पुन्हा सापडला. आजचे जंगल म्हणजे त्या वादळानंतर पुन्हा उभे राहिलेले जंगल.

पनामा आणि त्रिनिदाद या दोन्हीकडे साधारण जानेवारी ते एप्रिल हे कोरडे महिने सोयीचे. सकाळी सहा ते नऊ आणि पाऊस थांबल्यानंतरचा अर्धा तास सर्वांत चांगला.

भारतातून जाणाऱ्यांनी तिकिटाआधी एक गोष्ट करावी: पिवळ्या तापाची लस. पनामा, कोलंबिया, इक्वेडोर, पेरू, ब्राझील, त्रिनिदाद इथून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र मागितले जाते. लस मान्यताप्राप्त केंद्रावरच घ्यावी लागते आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होते. ते नसेल तर उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. वय, गरोदरपण किंवा ॲलर्जीचा प्रश्न असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

ही जात धोक्यात आहे का? पाळता येईल का?

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ती 'किमान चिंता' या गटात आहे. पसारा मोठा आणि मळ्यांतही राहण्याची तयारी, ही त्याची कारणे. टोबॅगोच्या उपप्रजातीचा हिशोब वेगळा. तिचे सगळे जग एका बेटावर आहे आणि एका वादळात काय होते ते १९६३ मध्ये दिसले आहे.

पाळण्याचा विचार नको. हमिंगबर्डांचे संपूर्ण कुळ साइटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहे, जॅकोबिन दुसऱ्या परिशिष्टात, त्यामुळे परवान्याशिवाय देशाबाहेर नेणे-आणणे बेकायदा ठरते. भारतातही २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइटिसमधल्या जिवंत प्राण्यांची नोंदणी वन्यजीव कायद्याखाली करावी लागते. 'हमिंगबर्डची जोडी मिळेल' अशी जाहिरात दिसली तर ती फसवणूक असते, नाहीतर तस्करी, आणि बहुतेक वेळा पिंजऱ्यात असतो तो आपला शिंजीर.